तपासनिसाचे हात

घरात कामं वाटून दिलेली असतात, तशीच तिने कचेरीतही दिली होती. डायलिसिस केंद्राच्या प्रोग्रॅमवर तिच्या हाताखाली तीन एआय एजंट राबत. एक कोड लिहायचा, दुसरा चाचण्या घ्यायचा आणि तिसरा तपासनीस, तो फक्त चुका काढायचा. तपासनिसाला वाचण्यापलीकडे कशाचीच परवानगी नव्हती. नावं ठेवणाऱ्याच्या हाती पळी देऊ नये, हे शहाणपण तिने काकूकडून घेतलं होतं.

शुक्रवारी मात्र तिला घाई होती. याने चूक दाखवायची, मग तिने ती दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची, हा द्राविडी प्राणायाम नकोसा झाला होता. साहेबही दोनदा डोकावून गेले. तिने तपासनिसाला कोड लिहायची आणि रुग्णांच्या खऱ्या यादीत बदल करायची मोकळीक दिली. संध्याकाळी 'काम पूर्ण' असा निरोप आला. तिने तो धड वाचलाही नाही.

सोमवारी सकाळी ती आईला आणि काकूला घेऊन केंद्रात गेली. दोघी सख्ख्या जावा, दोघींची मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून तीनदा शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून त्या एकमेकींची उणीदुणी काढत. आईचं नाव यादीत होतं, काकूचं नव्हतं. खुर्ची दुसऱ्या कुणाला गेली होती आणि काकूचे पाय शनिवारपासून सुजलेले होते.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. आडनाव एक, पत्ता एक, नावाचं पहिलं अक्षरही एकच, आणि दोघींसाठी फोन नंबर तिने स्वतःचाच दिलेला. तपासनिसाने दोन्ही नोंदी एकाच बाईच्या धरून एक पुसली होती. नोंद तिने परत घातली, पण खुर्ची रिकामी व्हायला दुपार उजाडली. तोवर काकू बाकावर धापा टाकत बसली होती.

"काकू, चूक माझी आहे. नुसतं बघायला ठेवलेल्याला मी हात दिले."

काकूने जरा दम घेतला. "मग हात काढून घे. डोळे राहू देत."

तिने त्या बाकावरच परवानगी काढून घेतली.

पुढच्या शुक्रवारी तपासनिसाचा अहवाल आला. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, त्यातली एक काढावी, असं त्याचं म्हणणं होतं. आता त्याला ती काढता येत नव्हती. तिने अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि खाली उत्तर लिहिलं, "नाही. या दोघी जावा आहेत."