अलिझाची टाळू

मी तोंडाने फटकळ, हे आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. बाळाला न्हाऊ घालताना कुणी शिकवायला आलं की मी सरळ म्हणते, "मग तूच घाल बाय, मी चालले." तीस वर्षं रत्नागिरीत हेच काम करत्ये. पण नव्व्याण्णव साली केलेली चूक सांगताना अजून माझा आवाज खाली जातो.

खतिजा माझी शेजारीण. नवरा अयूब कुवेतला. त्यांची पहिली मुलगी अलिझा चार महिन्यांची झाली आणि तिचं डोकं अंगाच्या मानाने फारच वाढायला लागलं. डोक्यात पाणी साठतंय, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं नि कोल्हापूरला धाडलं. तिथे ऑपरेशन करून कातडीखालून एक बारीक नळी घातली, डोक्यातून मानेवरून थेट पोटापर्यंत. जास्तीचं पाणी तिच्यातून पोटात उतरायचं नि तिथेच जिरायचं. शंट म्हणतात त्याला.

घरी आली तेव्हा पोरीची टाळू खाली गेलेली. माझ्या काळजात चर्र झालं. आमच्यात टाळू बसलेली म्हणजे पोर अशक्त. रोज तेल घालून ती भरून काढायची, हे मी आईकडून शिकलेली. खतिजा म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणतात मऊच राहू दे."

"त्या बाप्याला काय कळतंय टाळूतलं?" मी म्हटलं. टाक्यांच्या बाजूला हात न लावता रोज पसाभर खोबरेल टाळूवर घालून हलके हलके थोपटत राहिले.

तीन महिन्यांनी एके सकाळी टाळू हाताला सपाट लागली, चांगली घट्ट. मला आभाळ ठेंगणं झालं! "खतिजा, बघ गो! टाळू भरली! डॉक्टर नळ्या घालतो नि काम माझं तेल करतं!" आळीभर सांगत सुटले. खतिजाने त्या आनंदात सांदणं केली, घरोघर वाटली. मीही तीन खाल्ली, आणि वर गूळ कमी पडला म्हणून नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी अलिझा दूध ओकली. दात येताहेत, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालायला घेतली. एरवी पहिल्या तांब्याला घर डोक्यावर घेणारी पोर, त्या दिवशी हूं की चूं नाही. मी तिला मांडीवर ताठ बसवली. डोळे सारखे खाली घसरत होते, वर नुसतं पांढरं दिसत होतं. टाळूवर तळवा ठेवला. ताठ बसवलं की एरवी टाळू जराशी खाली जाते, ही बसवल्यावरही तशीच, ताणलेली. बाय माझे! ते तेल नव्हतं भरलेलं, आत पाणी तुंबलं होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण पोर जात होती. "खतिजा, माझं चुकलं गो," मी ओरडले. "नळी तुंबल्ये. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला चल!"

खतिजाने ओली पोर तशीच दुपट्यात गुंडाळली. शेजारच्या महिपतने जीप काढली. आंबा घाटात अलिझा दोनदा ओकली, मग हाक मारली तरी डोळे उघडेना. मी मनात एकच म्हणत होते, देवा, हिला वाचव, पुन्हा कुणाच्या पोराला हात लावणार नाही.

नळीचं वरचं टोक चोंदलं होतं. डॉक्टरांनी लगेच आत घेतली नि नळी बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी भुकेने अलिझाने असा काही टाहो फोडला की वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. रड माझे आई, रड, म्हणत मीच रडत होते.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी उभी राहिले. तेलापासून सांदणांपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माझी सालटी काढणार, नि काढावीच.

ते म्हणाले, "चूक मोठी होती. पण मऊ का राहू द्यायची, हे मीही नीट सांगायला हवं होतं. अजून एक दिवस थांबला असतात तर ही हाती लागली नसती." मग अलिझाला ताठ बसवून, ती शांत असताना, त्यांनी माझा हात धरून तिच्या टाळूवर ठेवला. "अशी लागली पाहिजे. घट्ट लागली, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर तडक इकडे यायचं." एवढा शिकलेला माणूस, माझ्यासारखीला हात धरून शिकवत होता. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही.

घरी निघायच्या दिवशी जीपमध्ये मी पार कडेला बसले. खतिजाने पोर पुढे केली.

"नको गो. मी पुन्हा हात न लावायचं बोलल्ये."

"मावशी, नखरे पुरे. अयूबनेपण फोनवर हेच सांगितलंय. डॉक्टरने शिकवलं ते तुझ्या हाताला. माझा हात तिथे जायलाच घाबरतो. तू रोज बघायचं नि मला सांगायचं."

तिने अलिझाला माझ्या मांडीवर ठेवली. मी तिला ताठ धरली, पदराला हात पुसला नि टाळूवर ठेवला.

"मऊ आहे गो," मी म्हटलं. एवढ्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली खतिजा माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.