बंद केलेली फेरी

सोलरवाल्याच्या ताईचा श्वास छतावरच्या चार पॅनेलवर चालायचा. फुप्फुसं कामातून गेलेली, विजेचा भरवसा नाही. उशाशी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरघरत असायचं. सगळं भावानेच बसवलं होतं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान तो तरी तसंच सांगत फिरे.

पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढायची ती कंट्रोलरने. तो व्होल्टेज जरासं हलवून बघतो. वीज वाढली तर पुढे, घटली तर मागे. डोळे बांधून टेकडी चढावी तसं. पण एखाद्या पॅनेलवर सावली पडली की टेकड्या दोन होतात, आणि हा बापडा धाकटीवरच ठाण मांडून बसतो. म्हणून अधूनमधून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फेरी मारतो. त्या फेरीत वीज क्षणभर पडते. बॅटरी जुनी, तेवढ्यानेही ताईचं मशीन किंचाळायचं.

"छातीत धस्स होतं रे," ताई म्हणाली. "वाटतं, संपलंच सगळं. काहीतरी कर ना."

"हात्तिच्या! एवढंच ना?" त्याने फेरीच बंद करून टाकली. सावली तर छतावर कुठेच नव्हती. ताई त्या दिवशी पोटभर जेवली, आणि भाऊ खुशीत घरी गेला.

पुढे शेजाऱ्याने गच्चीवर पाण्याची टाकी उभी केली. दुपारपर्यंत तिची सावली एका पॅनेलवर. दाजी रोज कंट्रोलर बघायचे; हिरवा दिवा लागलेला. धाकट्या टेकडीवरही तो हिरवाच लागतो, हे त्यांना कोण सांगणार? ज्याने सांगायचं तो कामाच्या गडबडीत तिकडे फिरकलाच नाही. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी राहत गेली.

एका पहाटे मशीन थांबलं. दाजी सिलिंडर आणायला धावले. परत आले तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सकाळी सोलरवाला आला तो थेट छतावर गेला. टाकी बघितली. फेरी चालू केली, तसा विजेचा आकडा दुपटीवर गेला.

तो खाली आल्यावर दाजींनी त्याला जवळ घेतलं. "तू ते किंचाळणं बंद केलंस, म्हणून शेवटचे दिवस तरी ती निवांत झोपली रे."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"माझंच काही चुकलं का?" दाजींनी विचारलं. "दिवा तर मी रोज बघत होतो."

"बॅटरी जुनी होती, दाजी," सोलरवाला म्हणाला.