खिडकीजवळचा पलंग

हेरंबच्या घरी रविवारी संध्याकाळी लागणारी ती मालिका खरं तर त्याच्या लेकीची. ‘आधा कमरा तेरा’ असं तिचं नाव. एक विधुर, एक विधवा, दोघांनाही एकेक मुलगा. मोठ्यांनी लग्न केलं आणि दोन्ही पोरं एका खोलीत येऊन पडली. मग काय, कपाटावरून भांडण, पंख्यावरून भांडण, आणि प्रत्येक वाक्याला मागून कुणीतरी खो-खो हसणार. पुढे लेक शिकायला सुरतेला होस्टेलवर गेली, पण मालिका घरातच राहिली. सोळा वर्षांच्या पोरांसाठी काढलेली ती मालिका अकोटा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आता चार जाणती माणसं बघायची, आणि तीही अशी की मध्ये कुणी शिंकलं तरी खपत नसे.

चौघांपैकी दोघे घरचेच. हेरंब फतेगंजच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि निरुपमा त्याची बायको. उरलेले दोघे शहराच्या जुन्या भागातून, वाडीहून, रिक्षा करून यायचे, हेरंबचा थोरला भाऊ गोविंद आणि त्यांची आई कमलाबाई. गोविंद रिफायनरीतून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कमलाबाई पहिल्यापासून त्याच्यापाशीच राहायच्या. गोविंद त्यांना मावशी म्हणायचा, कारण त्या त्याच्या मावशीच होत्या. तो अगदी लहान असताना त्याची आई गेली आणि तिच्या पाठच्या बहिणीला त्याच घरात दिली. हेरंब या दुसऱ्या लग्नाचा. सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक होतं, पण सावत्र हा शब्द त्या घरात कधी कुणी तोंडातून काढला नाही. दोघे भाऊ एकमेकांशी इतके नीट वागायचे, की बघणाऱ्याला शंका यावी.

त्या वर्षी मात्र हेरंबचा जीव टांगणीला लागला होता. गोविंदच्या मुलानं पुण्यात घर घेतलं होतं आणि दिवाळीनंतर गोविंद तिकडे राहायला जाणार होता. कमलाबाईही त्याच्याबरोबर जाणार, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं? ते विचारू नका. आपल्या घरांत अशा गोष्टी आपोआपच ठरतात. हेरंबला कुणी विचारलं नाही, आणि हेरंबनंही कुणाला विचारलं नाही.

“अहो, एकदा आईंना म्हणा ना, इथे राहा म्हणून,” निरुपमा रोज कानीकपाळी ओरडायची.

“मी कशाला म्हणू? तिला वाटलं तर राहील. माझी आई आहे ती, तिला आमंत्रण द्यायचं का आता?”

“मग बसा कुढत.”

आणि तो खरोखरच कुढत बसायचा. आत जुनी जखम होती हो. लहानपणी तव्यावरची पहिली पोळी गोविंदच्या ताटात पडायची, तूपही आधी त्याच्या भातावर. नवा शर्ट गोविंदला, आणि तो आखूड झाला की हेरंबला. सख्खा मुलगा मी, आणि सावत्रासारखा वाढलो मी, हे हेरंबनं उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आता म्हातारपणीही आई गोविंदबरोबरच निघाली होती, आणि ते त्याला फार लागलं होतं.

त्या रविवारी मालिकेला पाचवं माणूस आलं. वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या मंदाकिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा टीव्ही बिघडला होता. त्या लीलो चेवड्याचा, म्हणजे बटाट्याच्या ओलसर चेवड्याचा, डबा घेऊन आल्या आणि खुर्चीत अशा बसल्या जणू वर्गावरच आल्या आहेत.

त्या दिवशीच्या भागात खोलीत नवे पलंग आले. एक खिडकीजवळ, एक भिंतीकडे. दोघांनाही खिडकी हवी. आई आली, क्षणभर विचार केला, आणि खिडकीजवळचा पलंग तिनं नवऱ्याच्या मुलाला दिला. तिचा स्वतःचा मुलगा म्हणाला, “मम्मी, मैं बाहर सीढ़ियों पर सो जाऊँ?” मागची माणसं हसली. निरुपमाही हसली. हेरंबचं लक्ष मात्र त्या पोराच्या तोंडाकडे होतं.

भाग संपला आणि जाहिराती सुरू झाल्या.

“काहीतरीच दाखवतात,” मंदाकिनीबाईंनी शेरा मारला. “सावत्र आई कुठे अशी असते का? स्वतःच्या मुलाला भिंत आणि सवतीच्या मुलाला खिडकी! बत्तीस वर्षं शाळेत काढलीत मी, सावत्र आयांची मुलं लगेच ओळखू यायची.”

आपण कुणासमोर काय बोललो, ते बिचाऱ्या मंदाकिनीबाईंना कळलंच नाही. निरुपमानं उगाचच चेवड्याचा डबा पुढे सरकवला. आणि अशा वेळी गप्प बसायचं सोडून हेरंब बोलला. इतके दिवस मूग गिळून बसलेला माणूस बोलला तो नेमका त्या दिवशी.

“असतात तशा आया. पण त्या पोराचं काय, ज्याला भिंत मिळाली? त्याच्याकडे कोण बघतं? ही मालिका लोकांना त्यालाच हसायला लावते. मला नाही आवडला आजचा भाग.”

“मलाही नाही आवडला,” गोविंद म्हणाला.

हेरंब चमकला. दादाला तर आवडायलाच हवा होता! खिडकी कुणाला मिळाली होती जन्मभर?

“तुला का नाही आवडला?”

“ती बाई त्या पोराला घाबरते रे.” गोविंद सावकाश बोलत होता, टीव्हीकडेच बघत. “आजपर्यंतच्या भागांत एकदा तरी ओरडली का त्याच्यावर? स्वतःच्याला बघ कशी धपाटे घालते. ओला टॉवेल टाकला, धपाटा. उशीर केला, धपाटा. आणि याला काय? ‘बेटा, खाना लगा दूँ?’ पाहुण्याला विचारावं तसं. त्यापेक्षा भिंतीकडचा पलंग बरा की.”

“दादा, तू मालिकेचंच बोलतोयस ना?”

“तू मालिकेचं बोलत होतास?”

आता मात्र मंदाकिनीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. “अगं बाई!” त्या इतकंच म्हणाल्या, आणि दूध गॅसवर ठेवून आल्याचं सांगून वर गेल्या. डबा इथेच राहिला.

गोविंद थांबला नाही. साठी उलटलेला माणूस, आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्यानं. “तळ्यावर पोहायला गेलो होतो आपण दोघं, न सांगता. आठवतंय? घरी आल्यावर तुला उलथन्यानं झोडपलंन मावशीनं. मी बाजूला उभा. मला म्हणाली, गोविंदा, कपडे बदल, सर्दी होईल. मी आत जाऊन रडलो. तुला वाटलं असेल, मला मार बसला नाही म्हणून मी खुशीत आहे.”

हेरंबला तो मार आठवत होता. दादा आत जाऊन रडला, हे त्याला माहीतच नव्हतं. पहिल्या पोळीचा हिशेब मनात धरून बसलेल्या माणसाला उलथन्याचा हेवाही कुणी करू शकतं, हे कसं कळावं?

“मला पहिली पोळी हवी होती,” तो म्हणाला. स्वतःलाच त्याची लाज वाटली, या वयात पोळीचं काय घेऊन बसलो आपण! पण शब्द गेले ते गेले.

दोघांनीही आईकडे बघितलं. कमलाबाई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

“मला दोघांचंही नाही पटत,” त्या म्हणाल्या. “ती बाई वाईट नाही नि चांगलीही नाही. तिला खोलीत पोरं दिसतच नाहीत. लोक दिसतात. आमच्या पोळात, त्या चिंचोळ्या गल्लीत, प्रत्येक खिडकीत एक डोळा होता. बहिणीच्या जागी आलेली मी. गोविंदाच्या गालावर एक वळ दिसला असता, तर माझ्या माहेरी बोभाटा गेला असता, आणि माझं माहेर म्हणजे त्याचंच आजोळ. मग मी हात आवरला. हेरंबला द्यायचं राहिलं तर राहू दे म्हटलं, तो काय, माझाच आहे. त्याला कुठे सांगावं लागतंय!”

“लागतं,” हेरंब म्हणाला.

“मग तू तरी कुठे सांगतोस?” म्हातारीनं एकदम मान वर केली. “गोविंदा येऊन म्हणाला, मावशी, येशील ना पुण्याला? मी हो म्हटलं. त्याला नाही म्हणायची सवय नाही मला. तू काय म्हणालास? तोंडाला कुलूप लावून बसलास. मी वाट बघून थकले. म्हटलं, याला नको असेन.”

निरुपमानं नवऱ्याकडे बघितलं, ‘सांगत होते ना’ अशा नजरेनं.

माझीच आहे, तिला काय विचारायचं, असं म्हणत हेरंब बसला होता, आणि तेच म्हणत आईनं त्याला वाढायचं राहू दिलं होतं. दोघांनी एकमेकांना उपाशी ठेवलं होतं. “नाही जायचं तुला पुण्याला,” तो भांडल्यासारखा म्हणाला. “इथे राहायचं. माझ्याकडे. मला तू हवी आहेस.”

कमलाबाईंनी डोळे पुसले. मग त्या गोविंदकडे वळल्या. गोविंदचा चेहरा उतरला होता. वाडीतल्या त्या घरात इतकी वर्षं तो आणि मावशी, दोघंच होते. संध्याकाळचा चहा दोघांचा, पेपर दोघांचा. पुण्याला ती बरोबर येणार, याच भरवशावर तो निघाला होता. हेरंबला ते प्रथमच दिसलं. ज्याच्या वाट्याचं दुसऱ्याला जातं, त्याचा चेहरा कसा होतो, हे त्याला चांगलं माहीत होतं, पण तो त्यानं फक्त आरशात बघितला होता.

“ठीक आहे, मावशी,” गोविंद म्हणाला. “तुझी सोय होईल तसं कर. माझं काय, मी जाईन.” आणि तो उठून चपला शोधायला लागला.

“बस खाली!”

त्या आवाजानं निरुपमा दचकली. कमलाबाई उभ्या राहिल्या होत्या, गुडघ्यांची तक्रार विसरून.

“मोठा आला माझी सोय बघणारा! नाही येणार मी पुण्याला, ऐकलंस? मला नाही यायचं! आणि तू तरी कशाला निघालास रे, गाढवा? दिवसभर मुलगा-सून कामावर, तू काय तिथे भिंतींशी बोलणार? दम्याच्या गोळ्या कोण आठवण करून देणार तुला? साठी उलटली तरी काडीची अक्कल आली नाही! येतो म्हणून मुलाला कबूल करण्याआधी मला एका शब्दानं विचारलंस? मी काय घरातली पाहुणी आहे?”

बोलता बोलता त्यांनी गोविंदच्या पाठीत धपाटा घातला. जोरात नाही, त्या हातांत तेवढा जोर उरला नव्हता.

गोविंद मटकन सोफ्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसू पसरलं होतं, लहान पोराचं असावं तसं. त्या क्षणी तर तो नक्कीच लहान होता.

“अजून बोल, मावशी,” तो म्हणाला.

“बोलणारच आहे! आजवरचं सगळं बोलणार आहे!”

आणि त्या खरोखरच बोलत सुटल्या. हेरंब बाजूला उभा होता. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आई राहणार होती. तरीही भावाच्या अंगावर कोसळणाऱ्या शिव्या ऐकताना त्याच्या काळजात बारीकशी कळ उठली. पोळी, तूप, शर्ट, सगळं दादाचं होतं, पण ही शिवीगाळ आजवर फक्त त्याची एकट्याची होती. आता तीही वाटून घ्यावी लागणार होती.

तो सोफ्यावर दादाच्या शेजारी जाऊन बसला.

“आई,” तो म्हणाला, “मलाही जरा.”