दार उजवीकडून पाडा

सकाळी अकरा वाजता गवंड्याने शाळेच्या लांब भिंतीवर खडूने दाराची चौकट आखली. ती नेमकी माझ्या पहिल्या आकड्यावर, सातावर आली.

मित्रांनो, मी या भिंतीवरची जुनी संख्या आहे: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. नाव घेताना दम लागतो, लागू द्या. मी मूळ संख्या आहे. एक आणि मी स्वतः सोडून कुणालाच मला पूर्ण भाग लावता येत नाही. तशा मूळ संख्या अगणित आहेत. पण माझा उजवीकडचा शेवटचा आकडा पुसा, उरते तीही मूळच. आणखी एक पुसा, तीही मूळ. पुसत पुसत एकटा सात उरतो, तोही मूळ! शून्य ते नऊ या आपल्या दहा आकड्यांच्या लिखाणात हा गुण असलेली माझ्याहून मोठी संख्या नाही. माझ्या शेवटी कोणताही आकडा जोडून बघा, भाग जातोच.

मला भिंतीवर आणलं गणिताच्या बाईंनी. त्या खालून सांगत होत्या, रंगारी शिडीवरून काढत होता. पहिलंच ‘एकोणचाळीस’ ऐकून त्याने ऐटीत ४९ काढले.

“अहो दादा, एकोणचाळीस! चाळिसाला एक कमी!”

“तुम्ही चाळीस म्हणालात, मी चार काढला. एकोण म्हटलं की नऊ. माझं काय चुकलं?”

बाईंनी सगळ्या आकड्यांची बेरीज केली आणि कपाळाला हात लावला. “तीनने भाग जातोय हो हिला!”

रंगारी हसत हसत चाराचा तीन करून गेला.

मग दरवर्षी सहावीचा वर्ग माझ्यासमोर बसायचा. कुणीतरी शेवटच्या आकड्यावर चादर धरायचं आणि बाकीचे भागाकारावर तुटून पडायचे. एकही वर्ग जिंकला नाही. पुढे मला टेकून मोडके बाक रचले गेले, ओल आली, रंगाचे पोपडे निघाले. रंग गेला, गुण गेला नाही.

आता भिंतीपलीकडे बालवर्गाची खोली झाली आहे. तिला दार हवं.

“एक आकडा जाणार, मान्य,” बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. “पण उजवीकडचा घ्या. सात गेला तर उरलेल्या संख्येला अकराने भाग जातो.”

“जाऊ दे ना बाई! कुणाला वाटून द्यायचीय का ती?”

“मग पुढच्या सहावीला काय दाखवू, सर? नुसती भिंत?”

गवंडी मध्ये पडला. “ताई, उजवीकडे भिंतीत विजेच्या वायरी आहेत. काम वाढेल.”

मित्रांनो, जुन्या वस्तूकडे जागा मागा, ती देईल. फक्त कुठून कापायचं, ते तिला ओळखणाऱ्या माणसाला आधी विचारा.

दुपारी बाईंनी गवंड्याची चौकट पुसली नाही. माझ्या शेवटच्या तिनावर तेवढ्याच मापाची दुसरी आखली. मुख्याध्यापक दोन्ही चौकटी बघून आत गेले. गवंड्याने छिन्नी आणि हातोडा भिंतीच्या पायथ्याशी, दोन्ही चौकटींच्या मधोमध ठेवला आहे.