अठ्ठ्याण्णव सेकंद

"श्शू! ताई, एक मिनिट बोलू नका," असं म्हणून मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उजवा कान त्या करड्या गेम मशीनच्या झाकणाला लावला.

आत डिस्क फिरत होती. लेन्स किर्र करून पुढे सरकायची, अडखळायची, मागे यायची, की पुन्हा तेच. मिस्त्री ओठातल्या ओठात मोजत होते. एकसष्टला सगळं थांबलं. काउंटरवरच्या टीव्हीचा पडदा काळा तो काळाच.

"लेन्स संपत आलीय याची," ते म्हणाले.

काउंटरपलीकडच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पंचेचाळिशीच्या असाव्यात. लॉन्ड्रीतला निळा कोट अंगावर तसाच होता. मशीन त्यांनी टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आणलं होतं.

"संपत आलीय म्हणजे? होणार नाही का? काका, मला आजच पाहिजे हो. एक वाजायच्या आत."

"एवढी घाई? खेळणार कोण, तुम्ही?"

"दादा. माझा मोठा भाऊ. काल दुपारपासून बंद पडलंय. आधी उलटं ठेवलं की चालायचं. रेस लोड व्हायला दीड मिनिट घ्यायचं, पण चालायचं."

मिस्त्रींनी मशीन उलटं करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला एकदाची रेस सुरू झाली. त्यांनी मोजलेले आकडे होते अठ्ठ्याण्णव.

"अठ्ठ्याण्णव सेकंद!" त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, एवढ्या वेळात माणूस म्हातारा होईल!"

"नाही, ते आम्हाला बरंच पडतं. म्हणजे दादाला..."

पण मिस्त्री ऐकत कुठे होते? त्यांनी स्क्रू काढायलाही घेतले होते.

तसा हा माणूस मुलखाचा काळजीखोर. जिन्याखाली कपाटाएवढं दुकान, पण कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचे. अर्ध्या वाटेवरून परत यायचे, कारण तारा जोडायचं सोल्डरिंगचं यंत्र बंद केलं की नाही, ते आठवायचं नाही. बायको होती तेव्हा ती हसायची, "जा, बघून या, नाहीतर जेवण जायचं नाही तुम्हाला." ती गेली आणि हसणारंही कोणी उरलं नाही. आता नवी मशिनं बिनडिस्कची निघाली होती. आठवड्याला दोन गिऱ्हाइकं आली तरी खूप झालं. त्यात गेल्या वर्षापासून उजवा हात कापायला लागला होता, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मिस्त्री हत्यार धरलं की मनगट टेबलाला टेकवून ठेवायचे.

एकाच गोष्टीत त्यांना काळजी शिवत नव्हती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली ते एक पांढरं लेबल चिकटवायचे. त्यावर दोन आकडे, आधी इतके सेकंद, नंतर इतके. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा, असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणखी एक नेम होता. काढलेली जुनी लेन्स ते गिऱ्हाइकासमोरच पकडीने मोडायचे. बाजारात लोक असल्या मेलेल्या लेन्स पुसून नव्या म्हणून विकतात, त्याची त्यांना भयंकर चीड होती.

त्या दिवशी त्यांनी ड्रॉवरच्या तळातून सीलबंद डबी काढली. या मशीनची ही शेवटची नवी लेन्स. कोणासाठी जपली होती कोण जाणे. जुनी लेन्स पकडीत धरून कडकन मोडली तेव्हा बाई दचकल्या.

"अहो, मोडलीत कशाला?"

"मेलेल्याचं काय लोणचं घालायचंय?"

लेन्सच्या बाजूला तिळाएवढा एक स्क्रू असतो. त्याने आतल्या प्रकाशाचा जोर कमीजास्त होतो; जोर कमी, तर डिस्क वाचायला वेळ जास्त. मिस्त्रींनी तो नीट जुळवला, डिस्क घातली, मोजलं. चोवीस! त्यांनी ऐटीत लेबल लिहिलं, 'आधी ९८, नंतर २४', आणि आता ही बाई तोंडात बोट घालणार म्हणून वर पाहिलं.

"एवढं लवकर?" बाई एवढंच म्हणाल्या. घड्याळाकडे बघत त्यांनी मशीन टॉवेलात गुंडाळलं आणि त्या जवळजवळ पळतच गेल्या. मिस्त्रींना ते लागलं. काय माणसं असतात, ते स्वतःशीच पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कुलूप काढत होते, तर पायरीवर त्याच बाई बसलेल्या. मांडीवर तेच टॉवेलातलं गाठोडं, डोळे सुजलेले.

"बंद पडलं?" मिस्त्रींच्या हातातली किल्लीच निसटली.

"नाही काका. छान चालतंय." बाईंनी गाठोडं पुढे केलं. "ते पहिल्यासारखं हळू करून द्या. दादा जेवत नाहीये."

मग सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी मेंदूला ताप चढला आणि दादा त्यातून उठला तो असा. बोलत नाही, ओळखही नीट देत नाही. हा गाड्यांच्या रेसचा एकच खेळ तेवढा त्याला उरला. कंट्रोलर हातातून सोडत नाही आणि गाडी पळत असताना दात घट्ट आवळून बसतो. मध्येच थांबवलं तर ओरडतो, डोकं आपटून घेतो. पण रेस लोड होताना पडद्यावर ती पट्टी सरकायला लागली, की त्याचा जबडा सैल पडतो.

"तेवढ्यात भरवते मी. आधी दोनच घास जायचे. मशीन हळूहळू रेंगाळायला लागलं, तसे तीन झाले, चार झाले. शेवटी शेवटी सहा जायचे. पाच रेस झाल्या की वाटी रिकामी. आता एक घास गिळून होतो, तोवर गाडी सुटते. काल मी घाई केली. पहिला गिळायच्या आत दुसरा दिला. ठसका लागला, काका. निळा पडला हो दादा. शेजारच्यांनी पाठीत थापट्या मारून वाचवला."

मिस्त्री त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. 'बरंच पडतं' असं बाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या. ते कानावर आलं होतं, पण कान मशीनला लावलेला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुनी लेन्स तर तुम्ही..." बाई म्हणाल्या.

"मोडली. माझ्याच हाताने." ते उठले. "चला, तुमच्या घरी. हे इथे बसून जमायचं नाही."

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी टीव्ही, समोर बुटक्या खुर्चीत एक आडदांड, पांढरे केस झालेला माणूस, गळ्याशी रुमाल बांधलेला. मशीन दिसताच त्याच्या घशातून घोगरा आवाज निघाला आणि बोटं कंट्रोलरवर नाचायला लागली. मिस्त्रींनी फरशीवर बसकण मारली, मशीनचं झाकण उघडलं आणि मनगट टेकवायला काही सापडेना, म्हणून गुडघ्यावर टेकवलं. हात जास्तच कापत होता.

वेग वाढवायला ते तीस वर्षं शिकले होते. चांगल्या लेन्सला मुद्दाम मंद करायचं, हे कोणी कधी केलं असेल? जोर फार कमी झाला तर डिस्क वाचलीच जाणार नाही. स्क्रू घसरला तर तो पुन्हा जागेवर बसत नाही, आणि दुसरी लेन्स या जगात कुठे असलीच तर त्यांना ठाऊक नव्हती.

केसभर फिरवला. एकतीस. आणखी केसभर. सत्तेचाळीस.

"दोन घास गेले," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात मऊ भाताची वाटी होती.

पुन्हा फिरवला. पडदा काळा. दादाने टाचा फरशीवर आपटायला सुरुवात केली आणि मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम थेट डोळ्यात उतरला.

"दादा, आलंच हं. आलंच. काका करतायत ना," बाई त्याचे खांदे धरून म्हणत होत्या, पण बघत होत्या मिस्त्रींच्या हाताकडे. त्यांना तो थरथरताना दिसला होता.

मिस्त्रींनी हत्यार खाली ठेवलं. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं, श्वास रोखला आणि स्क्रू मागे फिरवला, एवढासाच, फिरला की नाही तेही कळू नये इतका. झाकण लावलं. किर्र करून लेन्स सरकली, अडखळली, मागे आली. पडद्यावर पट्टी उमटली.

या खेपेला ते सेकंद मोजत नव्हते. ते चमच्याकडे बघत होते. दादाचं तोंड उघडलं. एक. चावला, गिळला. दोन. बाई घाई करत नव्हत्या. तीन. पट्टी रेंगाळली, आता अडकते की काय! मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. चार. पाच. दादा संथपणे चावत होता, जणू सगळ्या जगाचा वेळ त्याच्याकडे आहे. सहा. गिळला. आणि गाडी सुटली.

बाईंनी पदराने, कोटाने, मिळेल त्याने डोळे पुसले.

"अजून नाही," मिस्त्री म्हणाले. "एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. वाटी संपेपर्यंत मी बसतो."

पाच रेस झाल्या. एकदा पाचच घास गेले, एकदा सात, बाकी सहा. वाटी रिकामी झाली आणि दादा कंट्रोलर हातात धरूनच खुर्चीत पेंगायला लागला. आता कुठे मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

"काका, पुन्हा काही झालं तर तुमच्याकडेच आणीन," बाई म्हणाल्या.

"आणा ना. पण मी असेन तर." त्यांनी हात पुढे केला आणि थरथरताना दाखवला, आयुष्यात पहिल्यांदा. "आणि मी नसलो, तर तुम्ही दुसऱ्या कोणाकडे न्याल. तो बिचारा पहिलं काम काय करेल? वेग वाढवेल. चांगला कारागीर असेल तर नक्कीच वाढवेल."

टीव्ही बंद करून त्यांनी मशीन अलगद उलटं केलं. लेबलावरच्या चोवीसवर रेघ मारली. पेन कापत होतं, म्हणून अक्षरं मोठी काढली, आणि दोनदा गिरवली.

'आधी ९८ सेकंद. नंतर सहा घास. वेग वाढवू नये.'

मग लेबल नीट चिकटलंय ना, हे त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं. दाराशी गेले, परत आले, पुन्हा दाबलं. चपला घातल्यावर आणखी एकदा.