कापसावरची कुस्ती

खुशालराव वस्ताद नव्या पोरांना सुरुवातीला एकही डाव शिकवत नसत. नुसतं पडायला शिकवत. हनुवटी छातीला लावायची, मान आत घ्यायची, खांद्यावर यायचं. मी तर पार वैतागलो होतो. लोकांना आपटायला म्हणून तालमीत गेलो आणि रोज स्वतःच आपटून घेत होतो! तक्रार केली की वस्ताद आपला उजवा पाय पुढे करत. तो गुडघ्यात वाकत नसे.

"पाह्य सूर्यभान," ते म्हणत. "एकदाच पडाले चुकलो, अन् पोटाचा धंदा गेला."

धंदाच तो. तरुणपणी ते अचलपूरच्या एका सरदाराच्या पदरी पगारी पहिलवान होते. खुराक, फेटा, बसायला घोडं, सगळं होतं. गुडघा मोडला तसे सरदाराने हात झटकले. मग अमरावतीच्या रामराव पाटलाने त्यांना आपल्या तालमीत वस्ताद म्हणून ठेवलं. पाटील तेव्हा भला माणूस होता, हे मानायला हवं. आमची काळी जमीन कुस्तीला नालायक. ओली झाली की चिकटते, सुकली की दगड होते. म्हणून त्याने मेळघाटच्या पायथ्याकडून तांबडी माती गाड्या भरभरून आणवली. कुस्तीच्या हौद्यातल्या त्या मातीत ताक, तेल, हळद कालवताना वस्ताद गुणगुणत. एरवी मी त्यांना कधी गाताना ऐकलं नाही.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आमचा सोन्याच्या भावाने जाऊ लागला. रामराव पाटलाने आडत मांडली. माल ठेवायला जागा पुरेना. घर भरलं, गोठा भरला आणि एका सकाळी आम्ही तालमीत गेलो तर हौदा दिसेना. मारुतीच्या कमरेपर्यंत रुई!

"हंगामापुरतं," पाटील म्हणाला.

हंगाम गेला, दुसरा आला. भाव आणखी चढेल या आशेवर पाटील माल विकेचना. पोरं गळाली. उरलो आम्ही दोघंचौघं आणि चंद्रभान.

चंद्रभान हा पार्वताबाई माळणीचा एकुलता एक. विहिरीवर मोट हाकून आणि भाजीच्या पाट्या उचलून त्याचे खांदे भरले होते. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. या पोरावर त्यांचा जीव होता आणि ते तो लपवतही नसत. त्याच्यासाठी ते पाटलाच्या दारी गेले, हौदा मोकळा करा म्हणाले. पाटील तक्क्याला टेकून हसला.

"अकोल्याच्या दंगलीत हैदराबादेकडचा गडी येऊन राह्यला. तुमच्या पट्ठ्यानं त्याले चीत केलं, तर दुसऱ्या दिवशी कापूस काढतो. मारुतीची आण!"

आता सराव करायचा कुठे? बाहेरची जमीन भेगाळलेली. शेवटी वस्ताद म्हणाले, रुईवरच धरा. आम्ही धरली. खरं सांगतो, कुस्तीत इतकी मजा पूर्वी कधी आली नव्हती. डोक्यावर पडा, पाठीवर पडा, लागतच नाही! चंद्रभान हसत पडायचा आणि तिथेच लोळायचा. भीती गेल्यामुळे त्याचे डाव धारदार झाले. वस्ताद डावच पाहत राहिले. पडणं तर शिकवून झालंय, ते कुठे जातंय, असं त्यांनी धरलं. अंग शिकतं तसं विसरतंही, हे त्या जाणत्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. हौदा परत मिळवायच्या नादात तो आंधळा झाला होता.

अकोल्याला माणसांचा समुद्र लोटला होता. चंद्रभानने सुरुवात झकास केली. दोनदा त्या गड्याला गुडघ्यावर आणलं, लोकांनी फेटे उडवले. तिसऱ्यांदा मात्र त्या गड्याने त्याची मान बगलेत दाबून त्याला डोक्यावरून फेकलं. साधी ढाक. असल्या ढाकेवर तो शेकडो वेळा पडला होता. मी अगदी काठाशी उभा होतो. चंद्रभानने हनुवटी आत घेतली नाही, खांदा वळवला नाही. अंग सैल सोडून दिलं, रुईवर सोडायचा तसं.

वस्ताद ओरडले, "मान, लेका, मान!" तोवर तो खाली आला होता.

परतताना कुणीतरी गाडीत त्याच्याखाली कापूस पसरला. वस्तादांनी तो मुठीमुठीने ओरबाडून रस्त्यावर फेकला आणि कडबा अंथरला. मानेखालचं अंग गेलं होतं. जीभ शाबूत होती, डोळे शाबूत होते.

त्यानंतर वस्ताद रोज पार्वताबाईच्या झोपडीत जात आणि त्याचे निर्जीव पाय तेलाने रगडत. मीही जात असे. पोरगं रडायचं ते पायांसाठी नाही.

"माह्यापायी तालीम गेली ना, वस्ताद?"

वस्ताद हातावर आणखी तेल घेत. नुसते रगडत राहत.

उन्हाळ्यात बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. कापूस असा कोसळला की पाटलाच्या मालाला कुणी कुत्रं विचारेना. ठेवून उपयोग उरला नाही, म्हणून त्याने तालमीतली रुई मिळेल त्या भावात फुंकली. हौदा मोकळा झाला. त्यासाठी कुणी लढायला नको होतं. नुसतं थांबलं असतं तरी चाललं असतं. हे मनात आलं की माझा आजही तिळपापड होतो.

त्या दिवशी वस्ताद झोपडीत गेले, पायाशी बसले आणि म्हणाले, "पाटलानं हौदा खाली केला, लेका. तुही कुस्ती पाह्यली ना त्यानं. म्हणे, हरला तरी असा गडी म्या पाह्यला नाई. तुह्यासाठी केला."

चंद्रभानचे डोळे चमकले. "खरं काय?"

"मारुतीची आण."

"मंग मी जिंकलोच म्हना की!"

"हाव. जिंकला तू."

पोरगं हसलं. अकोल्यानंतर पहिल्यांदाच. वस्ताद कसेबसे उठले, पाय ओढत बाहेर आले आणि वांग्यांच्या वाफ्याजवळ मटकन बसून ओक्साबोक्शी रडू लागले. मला त्यांच्याजवळ जायची हिंमत होईना.

पार्वताबाई बाजारात भाजी विकणारी बाई. कापूस का पडला आणि तालीम का रिकामी झाली, हे तिला आमच्याआधी कळलं होतं. ती डोक्यावरची पाटी उतरवून त्यांच्यासमोर उभी राहिली. आता ही त्यांना शिव्या देणार, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खोटं बोलले तुमी," ती म्हणाली. "मारुतीची आण घेऊन खोटं बोलले."

वस्तादांनी मान डोलावली.

"उद्याही या," ती म्हणाली. "अन् असंच बोलजा."