बिनपरवान्याचा काटा

कापूस खरेदीच्या परवान्याच्या अर्जांची होळी शेतकऱ्यांचे पुढारी नरहरभाऊंनी घनसावंगीच्या चौकात केली, तेव्हा सत्यशीलानं आपला अर्ज सगळ्यांच्या आधी आगीत टाकला. "आपला माल कुणाला विकायचा, हे सरकारनं सांगायचं नाही! परवाना मागणं म्हणजे गुलामी!" भाऊ गरजले होते. बाकीच्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच आठवड्यात गुपचूप दुसरे अर्ज भरले. भाऊंचा पुतण्या अपूर्व त्यात सर्वांत पुढं होता. ही एकटी बावळट, शब्दाला चिकटून बसली.

सात वर्षं तिनं गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा लावून कापूस घेतला. दहा-पंधरा किलो कापसासाठी परतूरच्या बाजारापर्यंत जीपचं भाडं ज्यांना परवडत नाही, त्या बाया तिच्याकडं यायच्या. त्यांचं भागायचं, हिचं घर चालायचं.

यंदा भाऊ बाजार समितीचे सभापती झाले. सत्यशीलानं गावभर पेढे वाटले. पंधराव्या दिवशी समितीची गाडी आली आणि विनापरवाना खरेदी म्हणून काटा उचलून घेऊन गेली. जप्तीच्या कागदावर भाऊंचीच सही होती.

ती तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"भाऊ, परवाना म्हंजी गुलामी, हे तुमीच म्हन्ले व्हते ना?"

"आजही म्हणतो," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण ताई, या खुर्चीत बसल्यावर नियम पाळावे लागतात. व्यापारी तक्रार करतात."

"कोन व्यापारी?"

भाऊंनी चहा मागवला. व्यापारी म्हणजे अपूर्व, हे चहा आणणाऱ्या शिपायालाही ठाऊक होतं.

"मंग मला बी परवाना द्या."

"यंदाचे बंद झाले. पण बघू काहीतरी. परवा शहागडला माझा मेळावा आहे. दोन जीपा भरून बाया आण. काट्याचं माझ्याकडं लागलं."

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद त्यांच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. पण वेचणी ऐन भरात होती. काटा सुटला नाही तर बायांचा कापूस अपूर्वच्या दारात जाणार आणि तो म्हणेल त्या भावात द्यावा लागणार. ती चहा न घेता बाहेर आली.

मेळाव्याच्या दिवशी ती दोन जीपा भरून बाया घेऊन गेली. जप्तीवर सही कुणाची, हे तिनं वाटेत सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

भाऊ नेहमीसारखेच बोलले, अगदी पोटतिडकीनं. "शेतकऱ्याला मोकळं सोडा! त्याच्या वाटेत नाका नको, परवाना नको, साहेब नको!" पुढच्या रांगेतून एका कार्यकर्त्यानं वळून सत्यशीलाकडं पाहिलं. तिनं टाळी वाजवली. मागोमाग सगळ्या बायांनी वाजवली.

शेजारी बसलेल्या गोजरबाईचे डोळे भरून आले होते. "किती खरं बोलून राह्यला गं ह्यो मानूस! ह्यालाच सांग की तुझ्या काट्याचं. ज्यानं नेला त्याला ह्यो बिलकुल सोडायचा न्हाई."

"सांगितलंय," सत्यशीला म्हणाली, आणि टाळ्या वाजवत राहिली.